आखूड नजरेचा इलेक्ट्रॉन

डिझेल गाड्यांच्या मेकॅनिकला ‘हीटर प्लग’ सांगावा लागत नाही. थंडीत इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडरमधली हवा तापवणारी ही बोटाएवढी कांडी. तिच्या टोकाशी तापणारी कॉइल असते आणि पुष्कळ प्लगांमध्ये तिच्या मागे, तिच्याच मालिकेत जोडलेली, आणखी एक कॉइल असते. पहिलीने तापायचं आणि दुसरीने पहिलीला आवरायचं, अशी कामाची वाटणी. चावी फिरवली की दुसरी कॉइल थंड असल्यामुळे प्रवाह मोकळा सुटतो आणि टोक काही सेकंदांत लाल होतं. तोवर दुसरीही तापते, तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि प्रवाह आपोआप आवळला जातो. ही आवरणारी कॉइल पूर्वी निकेलची असायची, नंतर कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचीही होऊ लागली.

युक्ती जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नर्न्स्टच्या दिव्यात तापणाऱ्या कांडीचा रोध गरम होताच उतरायचा, प्रवाह वाढत जायचा आणि कांडी स्वतःलाच जाळून घ्यायची. म्हणून तिच्या मालिकेत हायड्रोजन भरलेल्या काचनळीतली लोखंडाची बारीक तार जोडत. पुढे व्हॉल्व्हच्या रेडिओंमध्येही अशा नळ्या आल्या.

निकेल, कोबाल्ट, लोखंड. चुंबकाला चिकटणाऱ्या धातूंची शाळेत पाठ केलेली यादी हीच. हीटर प्लगमध्ये किंवा त्या काचनळीत चुंबकाचा काहीच उपयोग नाही, तरी निवड मात्र याच तिघांतून होते. हा योगायोग नाही.

आकडे पाहू. खोलीच्या तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर. तांबं ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं तर ती चार-साडेचार पट होते. लोखंडाची रोधकता खोलीत सुमारे १० असते आणि ७७० अंशांपाशी ती १०० च्या पलीकडे जाते, म्हणजे दहा पट. त्यापुढे गंमत होते. लोखंड आणखी तापवत राहा, आता रोधकता फारशी वाढतच नाही. आलेखात आधी चढण तीव्र होत जाते, ७७० ला ती मोडते आणि पुढे जवळजवळ पठार लागतं. निकेलच्या आलेखातही असाच मोड आहे, पण ३५८ अंशांच्या सुमारास. खोलीपासून तिथपर्यंत केल्विनमधलं तापमान जेमतेम दुप्पट होतं, रोधकता मात्र जवळपास चौपट. निकेलच्या तारेचे तापमापक साधारण ३०० अंशांपुढे का वापरत नाहीत, त्याचं कारणही हा मोडच. ज्या पट्टीचे आकडे मध्येच आपली चाल बदलतात, तिच्यावर कोण भरवसा ठेवणार?

७७० आणि ३५८ हे दोन्ही आकडे त्या त्या धातूचे क्युरी बिंदू आहेत. प्येर क्युरी यांनी १८९५ मध्ये आपल्या प्रबंधात तापमान आणि चुंबकत्व यांचं नातं काटेकोर मोजलं. ठरावीक तापमानाच्या वर लोखंड आपलं चुंबकत्व टाकून देतं. लाल तापलेला खिळा चुंबकाला चिकटत नाही आणि निवला की पुन्हा चिकटतो. प्येर व्हाइस यांनी १९०७ मध्ये त्याचं चित्र उभं केलं. धातूतला प्रत्येक अणू हा एक इवला चुंबक असतो, शेजारी एकमेकांना आपल्या दिशेला ओढतात आणि उष्णता त्यांना विस्कटते. क्युरी बिंदूला उष्णता जिंकते. पण या भांडणाचा विजेच्या प्रवाहाशी काय संबंध?

त्यासाठी रोध म्हणजे नेमकं काय हे बघावं लागतं, आणि इथे शाळेतलं चित्र दगा देतं. इलेक्ट्रॉन अणूंवर आदळत, ठेचकाळत जातो आणि तोच रोध, असं आपण शिकतो. १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन हा लाटेसारखा वागतो आणि अणूंची मांडणी पूर्णपणे नियमित असेल, तर ही लाट त्यांच्यातून न अडखळता जाते. अणू कितीही दाटीवाटीने असोत, ते शिस्तीत उभे असले म्हणजे झालं. रोध निर्माण होतो तो शिस्त मोडते तिथे. परका अणू घुसला की थोडा रोध आला. उष्णतेने अणू जागच्या जागी थरथरले की आणखी आला. ऑगस्टस माथीसेन यांना १८६० च्या दशकातच, पुंजभौतिकाचं नावही नसताना, मोजमापांतून लक्षात आलं होतं की भेसळीचा रोध आणि उष्णतेचा रोध ढोबळमानाने एकमेकांत मिळवता येतात.

चुंबकी धातूत बेशिस्तीचा तिसरा प्रकार असतो. अणू आपापल्या जागी असेल, भेसळही नसेल, पण त्याचा इवला चुंबक, ज्याला भौतिकात स्पिन म्हणतात, भलतीकडे तोंड करून उभा असेल. वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनलाही स्वतःचं स्पिन असतं. समोरच्या अणूचं स्पिन आपल्याला समांतर आहे की उलट, यावर त्याची ऊर्जा बदलते. सगळी स्पिनं एका दिशेला असतील तर इलेक्ट्रॉनला सगळे अणू सारखेच वाटतात आणि लाट सरळ निघून जाते. दिशा विस्कटल्या की एकाच धातूचे सारखे अणू त्याला वेगवेगळे वाटू लागतात. सूक्ष्मदर्शकाला निर्दोष दिसणारा स्फटिक इलेक्ट्रॉनच्या लेखी गोंधळलेला असतो.

लोखंडाच्या आलेखातला मोड आता उलगडतो. तापमान चढतं तशी स्पिनं विस्कटत जातात आणि थरथरीच्या रोधात हा नवा रोध मिसळत जातो. क्युरी बिंदूला विस्कटणं पूर्ण होतं. पुरत्या विस्कटलेल्याला आणखी काय विस्कटणार? म्हणून पुढे फक्त थरथरीची मंद चढण उरते. लोखंडात या स्पिनांच्या बेशिस्तीचा वाटा सुमारे ८० मायक्रोओहम-सेंटिमीटर निघतो. म्हणजे ७७० अंशांच्या लोखंडात विजेची वाट अडवण्याचं बहुतेक काम अणूंची थरथर करत नाही, त्यांच्या चुंबकांच्या दिशा करतात.

याचा सर्वांत सोपा पुरावा दुर्मिळ मृदा धातूंमध्ये आहे. गॅडोलिनियम आणि लुटेशियम हे एकाच कुटुंबातले, रसायनात बरेचसे सारखे. गॅडोलिनियमच्या अणूचं स्पिन दणकट, लुटेशियमचं शून्य. खोलीच्या तापमानाला गॅडोलिनियमची रोधकता सुमारे १३०, तर लुटेशियमची साठाच्याही खाली. फरक स्पिनांचा. गॅडोलिनियमचा क्युरी बिंदू तर २० अंशांच्या आसपास आहे. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे हा धातू चुंबकाला झेपावेल आणि दुपारी त्याची ओढ पार ढिली पडेल.

निकेलबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्ये निकेलचा मोड वेगळ्या वाटेने समजावला होता. वर स्पिन आणि खाली स्पिन असलेले इलेक्ट्रॉन म्हणजे दोन वेगळे प्रवाह धरावेत आणि प्रत्येकाला धातूत मिळणारी अडवणूक वेगळी मानावी, असं त्यांचं म्हणणं. लोखंड-निकेलमध्ये अणूशी बांधलेली स्पिनं आणि भटकते इलेक्ट्रॉन यांची वाटणी गॅडोलिनियमइतकी स्वच्छ नसते. म्हणून वर रंगवलेलं चित्र या दोघांना बेतशीर बसतं, अंगाला घट्ट नाही. मॉट यांच्या दोन प्रवाहांच्या कल्पनेतूनच पुढे पॅरिसजवळच्या ओर्सेमध्ये आल्बेर फेर यांचं काम उभं राहिलं, १९८८ मध्ये चुंबकी थरांमधला ‘महाचुंबकरोध’ सापडला आणि हार्ड डिस्कचे वाचक त्यावर चालू लागले. २००७ चं नोबेल त्यालाच मिळालं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मला रस आहे तो मोडाच्या अगदी टोकाशी. वर आपण म्हटलं की क्युरी बिंदूला शिस्त संपते. पण संपते म्हणजे कशी? ती सगळीकडून एकाच वेळी पुसली जात नाही. क्युरी बिंदूच्या जरा वर, एकंदरीत चुंबकत्व शून्य असतानाही, धातूत ठिकठिकाणी एकाच दिशेला तोंड असलेल्या स्पिनांचे कळप बनतात आणि विरतात. क्युरी बिंदूच्या जितकं जवळ जावं तितके कळप मोठे आणि त्यांचं विरणं संथ. ठीक बिंदूवर सगळ्या मापांचे कळप एकमेकांत गुंतलेले असतात. काही दोन-चार अणूंचे, काही लाखो अणूंचे. यांनाच चुंबकी चढउतार म्हणायचं, आणि अवस्थांतराच्या तोंडाशी ते हाताबाहेर जातात.

असे चढउतार उघड्या डोळ्यांनी बघण्याची सोय द्रवांत आहे. आयर्लंडमधल्या बेलफास्टला टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरचे आपले प्रयोग मांडले. सुमारे ३१ अंशांवर, योग्य दाबाखाली, या वायूचा द्रव आणि वाफ यांतला भेद मिटतो. त्या बिंदूशी नितळ नळी एकाएकी दुधाळ होते. दाट आणि विरळ भागांचे कळप प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे वाढतात आणि प्रकाश सगळीकडे फेकला जातो. मारियान स्मोलुखोव्हस्की यांनी १९०८ मध्ये आणि आइन्स्टाइन यांनी १९१० मध्ये त्याचा हिशेब मांडला. लोखंडात हेच न्यूट्रॉनांच्या बाबतीत घडतं. क्युरी बिंदूपाशी स्पिनांचे कळप न्यूट्रॉनांचा झोत जोरात विखुरतात.

न्यूट्रॉन विखुरतात तर इलेक्ट्रॉन का नाही? हा प्रश्न १९५८ मध्ये फ्रान्समध्ये विचारला गेला. पिएर-झिल द झेन तेव्हा पंचविशीत होते, साक्लेच्या अणुऊर्जा केंद्रात चुंबकी पदार्थांतून न्यूट्रॉन कसे विखुरतात याचा अभ्यास करून नुकतेच मोकळे झालेले. पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते द्रवस्फटिक आणि बहुवारिकांसारख्या मऊ पदार्थांच्या कामासाठी. झाक फ्रीडेल यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी स्पिनांच्या बेशिस्तीच्या रोधाचं गणित मांडलं. जपानमध्ये तादाओ कासुया यांनी दोन वर्षं आधी तसं केलंच होतं. द झेन आणि फ्रीडेल एक पाऊल पुढे गेले. क्युरी बिंदूला कळप सर्वांत मोठे, म्हणून विखुरणं सर्वाधिक, म्हणून रोधकतेच्या आलेखात तिथे टोकदार शिखर यायला हवं आणि बिंदू ओलांडताच रोध घसरायला हवा.

युक्तिवाद इतका सरळ आहे की वाचणारा मान डोलावतोच. अडचण एकच होती. निकेलच्या आलेखात शिखर नव्हतं. तिथे चढण तीव्र होते, मोडते आणि वरच जात राहते.

कोडं सोडवलं मायकल फिशर आणि जेम्स लँगर यांनी, १९६८ मध्ये, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधल्या एका छोट्या लेखात. मोठ्या कळपाला धडकलेली लाट फारशी वळत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. विखुरणारी वस्तू जितकी मोठी तितका वळण्याचा कोन लहान. न्यूट्रॉन मोजणाऱ्याला किंचित वळलेला न्यूट्रॉनही दिसतो, त्याने लहान कोनांशी शोधक ठेवला की मोजणी भरमसाट वाढते. विजेच्या प्रवाहाला किंचित वळलेल्या इलेक्ट्रॉनचं काहीच वाटत नाही, कारण तो जवळपास त्याच दिशेने पुढे चाललेला असतो. रोध वाढवायचा तर इलेक्ट्रॉन आडवा किंवा मागे वळायला हवा आणि तेवढं वळण त्याला लहान पल्ल्याची बेशिस्तच देऊ शकते.

दुसरा मुद्दा नजरेचा. साध्या धातूत प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे दोन अणूंमधल्या अंतराहून फार मोठी नाही. लाखो अणूंच्या कळपाचा आवाका त्याच्या ध्यानातच येत नाही. वारीत चालणाऱ्याला दिंडी मागे-पुढे किती लांब पसरली आहे हे कळत नाही. आजूबाजूच्या चार-पाच जणांची पावलं एका ठेक्यात पडताहेत की नाही, एवढंच कळतं. इलेक्ट्रॉनही शेजारी-शेजारी असलेल्या स्पिनांचा मेळ तेवढा जोखतो. आणि हा मेळ क्युरी बिंदूला एकदम तुटत नाही. दूरवरची एकवाक्यता संपलेली असली, तरी शेजाऱ्यांचं बऱ्यापैकी जमत असतं, आणि बिंदू ओलांडून गेल्यावर ते हळूहळू कमी होतं. म्हणून रोध चढतच राहतो.

इथवर फिशर-लँगर यांनी फक्त एक शिखर पुसलं असं म्हणता येईल. पण त्यांच्या युक्तिवादातून हाती आलं ते शिखरापेक्षा मोलाचं होतं. शेजारी स्पिनांचा मेळ म्हणजेच धातूतली चुंबकी ऊर्जा, कारण एकमेकांना ओढतात ते मुख्यतः शेजारीच. ही ऊर्जा तापमानाबरोबर किती झपाट्याने बदलते, त्याचं माप म्हणजे विशिष्ट उष्म्याचा चुंबकी हिस्सा. रोध जर शेजाऱ्यांच्या मेळावर ठरत असेल, तर रोधाच्या आलेखाची चढण आणि विशिष्ट उष्म्याचा आलेख क्युरी बिंदूपाशी एकाच आकाराचे हवेत.

हे वाचून मी तरी थबकलो होतो. विशिष्ट उष्मा मोजायचा म्हणजे नमुन्याला मोजून उष्णता द्यायची आणि तो किती तापला ते पाहायचं. त्यात विजेच्या प्रवाहाचा काही संबंध नाही. रोध मोजायचा तर तारेत प्रवाह सोडून व्होल्ट वाचायचे, त्यात उष्णतेचा हिशेब नाही. दोन वेगळी उपकरणं, दोन वेगळ्या राशी, आणि ३५८ अंशांपाशी दोन्हींतून तोच सुळका निघायला हवा. निकेलवरची बारकाईची मोजमापं १९६७ पासूनच छापून येऊ लागली होती आणि १९७० पर्यंत चढणीचा तो सुळका स्पष्ट झाला होता. काम कटकटीचं असतं. चढण काढायची म्हणजे दोन जवळच्या आकड्यांची वजाबाकी करायची, आणि वजाबाकीत चूक फुगते. भट्टी साडेतीनशे अंशांवर, तिच्यात तापमान अंशाच्या लहानशा अंशाइतकं स्थिर ठेवायचं आणि तार कुठेही ताणली जाऊ द्यायची नाही, कारण ताणाने क्युरी बिंदूच सरकतो.

खरी कसोटी लागली ती चुंबकत्व नसलेल्या धातूत, पितळात. जवळपास निम्मं तांबं आणि निम्मं जस्त असलेल्या पितळात सुमारे ४६८ अंशांखाली तांब्याचे आणि जस्ताचे अणू एकाआड एक बसतात, त्याच्या वर हवे तसे मिसळतात. (घरातल्या भांड्यांच्या पितळात जस्त कमी असतं, तिथे हे घडत नाही.) इथे वर-खाली स्पिनांची जागा तांबं-जस्त या जोडीने घेतली, बाकी गणित तेच. १९७१ मध्ये या पितळाचा विशिष्ट उष्मा आणि रोध दोन्ही मोजून प्रसिद्ध झाले आणि रोधाच्या चढणीने उष्म्याची पाठ सोडली नाही. इलेक्ट्रॉनची नजर आखूड असते हे चुंबकांपुरतं खरं नाही, हे त्याने ठरलं.

मग द झेन चुकले म्हणायचं का? साध्या धातूंबाबत हो. पण त्यांचं शिखर कायमचं हद्दपार झालं नाही. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्यांच्या दाटीवर ठरते. इलेक्ट्रॉन मोजकेच असले की तरंगलांबी वाढते, नजर लांब होते आणि मोठे कळप दिसू लागतात. युरोपियम हेक्साबोराइड हा असा पदार्थ. त्यात प्रवाह वाहणारे इलेक्ट्रॉन फार विरळ असतात आणि १२ ते १५ केल्विनच्या दरम्यान तो चुंबकी होतो. तिथे त्याच्या रोधात ठसठशीत शिखर येतं. बाहेरून चुंबकी क्षेत्र लावलं की स्पिनं जबरदस्तीने एका दिशेला वळतात, चढउतार दबतात आणि शिखर वितळून जातं. मँगनीजच्या काही ऑक्साइडांमध्ये तर क्युरी बिंदूजवळ क्षेत्राने रोध हजारो पटींनी उतरवता येतो. १९९४ मध्ये त्याचा गाजावाजा झाला. तिथे मात्र केवळ स्पिनांवर भागत नाही, स्फटिकजालाचं वाकणंही त्यात सामील असतं.

क्रोमियमची तऱ्हा याहून निराळी. लोखंडात शेजारी स्पिनं एका दिशेला असतात, क्रोमियममध्ये ती थंडीत आळीपाळीने उलटसुलट उभी राहतात, तीही किंचित बदलत जाणाऱ्या लाटेच्या रूपात. ही रचना ३८ अंशांना विस्कटते. म्हणजे नागपूरच्या एप्रिलमध्ये शुद्ध क्रोमियमचा तुकडा गच्चीवर ठेवला, तर सकाळी तो एका अवस्थेत असेल आणि दुपारी दुसऱ्या. तापलेला क्रोमियम निववत आणला तर रोध आधी नेहमीप्रमाणे उतरतो. ३८ अंशांपाशी शिस्त सुरू होते तेव्हा तो उतरायचा सोडून थोडा चढतो आणि मग पुन्हा उतरणीला लागतो. शिस्त आली तर रोध घटायला हवा होता! कारण असं की ही स्पिनांची लाट ज्या इलेक्ट्रॉनांनी प्रवाह वाहायचा, त्यांच्यातल्याच काहींना बांधून घालते. वाट मोकळी होते, पण चालणारे कमी होतात.

अशा चकव्यांच्या शोधात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, दुर्मिळ मृदा धातूंच्या संयुगांवर अनेक दशकं काम झालं आहे. ई. व्ही. संपतकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गॅडोलिनियम, पॅलेडियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगाबद्दल एक चमत्कारिक निरीक्षण छापलं. हे संयुग २१ केल्विनला चुंबकी शिस्तीत येतं. रोध मात्र त्याच्या बराच आधी, शिस्तीचा मागमूस नसताना, उतरणं थांबवून चढू लागतो. तापमान उतरवताना रोधाने असा तळ गाठून वळणं नवं नव्हतं. सोन्याच्या तारेत ते १९३४ मध्येच लायडनला दिसलं होतं आणि १९६४ मध्ये जून कोन्दो यांनी त्याचं कारण दिलं होतं. अगदी थोड्या चुंबकी भेसळीभोवती इलेक्ट्रॉन घुटमळू लागतात. पण गॅडोलिनियमच्या स्पिनाचे इलेक्ट्रॉन अणूच्या आत खोल दडलेले असतात, त्यांच्याकडून कोन्दो यांच्या धाटणीचं वागणं अपेक्षितच नसतं. शिवाय चुंबकी क्षेत्र लावलं की रोध खाली येत होता. संशय पुन्हा चढउतारांवर गेला, शिस्त येण्याच्या कितीतरी आधी चाललेल्या चुळबुळीवर. हे संयुग नंतर आणखी नावारूपाला आलं. २०१९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना त्यात स्पिनांचे भोवरे, स्कर्मिऑन, जाळीसारखे रचलेले सापडले.

आतापर्यंत चढउतारांना इंधन उष्णतेचं होतं. पण अवस्थांतराचं तापमान दाबाने, भेसळीने किंवा चुंबकी क्षेत्राने खाली-खाली ढकलत शून्य केल्विनला नेलं तर? तिथे उष्णता नाही, तरी स्पिनं स्वस्थ बसत नाहीत. अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे त्यांची चुळबुळ शून्य केल्विनलाही चालूच राहते. जपानमध्ये तोरू मोरिया यांनी आणि अमेरिकेत जॉन हर्ट्झ यांनी १९७० च्या दशकात याचे हिशेब केले. साध्या धातूत अतिथंड तापमानाला इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींचा रोध तापमानाच्या वर्गाने वाढतो. चढउतार माजलेले असताना हा घातांक दोनच्या खाली यावा, उलटसुलट स्पिनांच्या धातूत दीड व्हावा, असं भाकीत निघालं.

प्रयोगशाळेत निघालं त्याहूनही साधं आणि म्हणून अधिक छळणारं काही. १९९४ मध्ये जर्मनीत, कार्ल्सरूहला, सिरियम आणि तांब्याच्या संयुगात थोडं सोनं मिसळून ते ठीक अशा बिंदूवर आणलं गेलं. रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात निघाला. नंतर यटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉनच्या संयुगातही तेच. त्याचं चुंबकी अवस्थांतर ०.०७ केल्विनला होतं आणि ०.०६ टेस्लाच्या क्षेत्राने ते शून्यावर नेता येतं. तिथपासून सुमारे १० केल्विनपर्यंत रोधाची रेघ पट्टीने आखावी तशी सरळ. तांब्याच्या ऑक्साइडांतल्या अतिवाहकांमध्ये तर अशीच सरळ रेघ शेकडो केल्विनपर्यंत जाते. अशा पदार्थांना आता ‘विचित्र धातू’ हेच नाव पडलं आहे. त्या रेघेमागे चुंबकी चढउतारच आहेत की आणखी काही, यावर अजून एकमत नाही. माझा कल चढउतारांकडे आहे, पण त्यांना जुन्या हिशेबात बसवून काम भागेल असं वाटत नाही.

शंकेचं कारण २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला एक प्रयोग. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यटर्बियमच्या त्याच संयुगाची अतिसूक्ष्म तार बनवली आणि तिच्यातल्या प्रवाहाची खरखर मोजली. वीज सुट्या दाण्यांनी वाहत असेल तर प्रवाहात एका ठरावीक पातळीची खरखर असते, पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखी. सोन्याच्या तारेत ती अपेक्षेप्रमाणे मिळते. या तारेत ती बरीच कमी भरली. फिशर आणि लँगर यांच्या गणितात, द झेन यांच्या गणितात, एवढंच काय शाळेतल्या त्या ठेचकाळणाऱ्या चित्रातही, वळणारा आणि अडखळणारा एकेक इलेक्ट्रॉन गृहीत धरलेला आहे. या तारेत विजेचा भार तसा एकेकट्याने वाहतच नसेल, तर टक्कर कोणाची कोणाशी होते, इथपासूनच हिशेब नव्याने मांडावा लागेल. हीच मोजणी इतर विचित्र धातूंच्या तारांवर केली तर काय निघतं, त्यावर पुढचं बरंचसं ठरेल. अशा तारा बनवणं हेच त्यातलं सर्वांत अवघड काम आहे.